राखीव अर्धा

दाभेबंदरच्या बर्फाच्या फॅक्टरीच्या भिंतीवर रोज सकाळी एक जुना समुद्र दिसत असे. बाजाराला निघालेल्या बायका डोक्यावरची पाटी न उतरवता तिथे थोडा वेळ थांबत. कुणीतरी विचारी, "आज खयच्या सालाचो दर्यो रे?" आतून नझीर होडेकर ओरडून सांगे, "पोर्तुगीज यायच्या आधीचा!" किंवा, लहर लागली तर, "तुमच्या पणजीच्या पणजीच्या लग्नातला!"

मग भिंतीवर त्या सालातलं पाणी हलू लागे. वर हिरवट उजेड, त्यात फुटक्या काचेसारखी चमकणारी सूक्ष्म शेवाळं, त्यांवर चरणारे कोळंबीच्या पिल्लांचे ढग, आणि मधूनच एका झटक्यात वळणारा तारली माशांचा थवा. थवा वळला की बायकांमधून हमखास एक सुस्कारा येई. चित्र संपलं की त्या पाट्या सावरून चालू लागत. पाट्यांमध्ये टाकीत वाढवलेली मासळी असे.

बारा वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरची तारली नाहीशी झाली होती. हळूहळू नव्हे, एका हंगामात. आदल्या वर्षी होड्यांना बर्फ पुरला नव्हता. त्या वर्षी जाळी रिकामी वर आली, आणि पुढच्या वर्षीही. खोल समुद्रात प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्याचा एक थर नेहमीच असतो. तो वर सरकला होता, एवढंच शास्त्रज्ञ सांगू शकले. मग फॅक्टरी बंद पडली. तिच्या जाड, बूच भरलेल्या भिंती मात्र अजून गारवा धरून होत्या, म्हणून समुद्रगाळाच्या अभ्यासकेंद्राने ती भाड्याने घेतली. ज्या खोल्यांत तारलीसाठी बर्फाच्या लाद्या रचत, तिथे आता समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळ्या आडव्या मांडून ठेवलेल्या होत्या.

या केंद्राची प्रमुख विदुला सामंत. चाळिशीची, कमी बोलणारी. गावात ती आली तेव्हा तिला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता: चिखलात बघण्यासारखं काय आहे? तिने उत्तर न देता चिमूटभर गाळ चाळणीवर धुतला आणि उरलेली पांढरी रेती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ती रेती नव्हती. एकेक कण म्हणजे एक कवच होतं. कुठलं गुंडाळलेलं, कुठलं फुग्यांच्या घोसासारखं, सगळ्यांना सुईच्या टोकाहून बारीक भोकं. त्यांना फोरामिनिफेरा म्हणतात; विदुला छिद्रकवची म्हणे. एका पेशीचा जीव, डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि तरी पाण्यातल्या चुन्यातून असं घर बांधतो. मेल्यावर ते घर सावकाश तळाशी उतरतं. त्याच्यासोबत माशांचे खवले उतरतात, त्यांच्या डोक्यातले कानखडे उतरतात, आणि न दिसणारे डीएनएचे तुकडेही. इथल्या खोल तळावर प्राणवायू इतका कमी की गाळ उकरणारे किडेसुद्धा जगत नाहीत. म्हणून दर वर्षाचा थर आदल्या वर्षाच्या थरावर, कुणी न ढवळता, पडून राहतो.

"एक बोट गाळ म्हणजे साधारण वीस वर्षं," तिने तेव्हा सांगितलं होतं. "एक वीत म्हणजे दोनशे." ते माप गावात रुळलं. म्हातारी माणसं आता स्वतःचं वय चार बोटं म्हणून सांगत.

भिंतीवरचं चित्र काढणारं यंत्र म्हणजे स्तरवाचक. नळीतल्या गाळाचा कागदाएवढा पातळ काप घेऊन ते आधी त्याचा फोटो घेई, मग काप विरघळवून त्यातली कवचं, खवले, डीएनए सगळं ओळखून मोजी, आणि त्या मोजणीवरून त्या काळचं पाणी रंगवी. वाचलेला गाळ उरत नसे. म्हणून गाळ काढणाऱ्यांची जुनी रीत इथे कसोशीने पाळली जाई: नळी उभी चिरून तिचे दोन अर्धे करायचे, एक कामाचा आणि एक राखीव. राखीव अर्ध्याला हात लावायचा नाही. दाभेबंदरच्या समोरच्या तळावरून आलेली एकच नळी केंद्राकडे होती. तीस वर्षांपूर्वी काढलेली, वाहतुकीसाठी तीन तुकडे केलेली. दुसरी मिळणार नव्हती. ट्रॉलरांनी तो तळ नंतर नांगरल्यासारखा करून टाकला होता.

या नळीच्या कामाच्या अर्ध्यावर पंधरा दिवसांपूर्वी गावाचं भवितव्य ठरलं होतं.

सरकारचा नवा नियम असा होता: एखाद्या पाण्यातली मासळी पूर्वी कधी जाऊन आपली आपण परतल्याचा पुरावा गाळात असेल, तर गावाला ते पाणी तिच्यासाठी राखून ठेवता येईल. पुरावा नसेल तर ते शेवाळशेतीला जाईल. शेवाळाचे तरंगते वाफे टाकायला एक कंपनी तयार होती, गावातल्या घरटी एकाला काम देणार होती. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमन जयंती गिरप यांनी बारा वर्षं पाणी सोडून देण्याचा विषय सभेत येऊ दिला नव्हता. तारली येतली, एवढंच त्या म्हणत. शेवटी त्यांनीच विदुलाला सांगितलं, "तुझ्या चिखलाक विचार."

विदुलाने विचारलं. नळीच्या मधल्या तुकड्यात उत्तर होतं. सहा-सातशे वर्षांपूर्वी तारलीचे खवले भरपूर होते, मग ते थोडे थोडे कमी होत गेले, मग एक बोटभर काळा पट्टा, ज्यात जवळजवळ काहीच नाही, आणि त्याच्या पुढे अचानक पुन्हा भरपूर. थोडी थोडी करून संपलेली मासळी एका दमात परत येत नाही. ती बाहेरून, दक्षिणेकडच्या पाण्यातून आली असणार. आणि दक्षिणेच्या पाण्यात आता तारली उरलेली नव्हती.

"म्हणजे ती येवची नाय," जयंतीकाकी म्हणाल्या होत्या.

"गाळ तसं सांगतो, काकी."

"गाळ सांगता की तू सांगतंस?"

काकींनी सभेची तारीख लावली आणि गुजरातला मत्स्यटाक्यांवर कामाला असलेल्या मुलाला, रुपेशला, फोन केला. शेवाळाच्या वाफ्यांवर त्याला जागा मिळणार होती. सहा वर्षांनी तो घरी राहायला येणार होता.

सभेच्या आदल्या दुपारी विदुला लोकांना दाखवायची चित्रं निवडत बसली होती. वाईट बातमी सांगायची तर सोबत एखादी सुंदर गोष्ट असावी, असं तिला वाटत होतं. तिने मधल्या तुकड्यातले समुद्री फुलपाखरांचे फोटो उघडले. ही खरं तर गोगलगाय, मोहरीच्या दाण्याएवढी. पाय पसरून त्याचे पंख करते आणि पाण्यात उडते. तिचा शंख इतका पातळ की आतलं दिसतं. विदुलाने एक शंख मोठा केला. सातशे वर्षांपूर्वी तळाशी पडला तेव्हा तोंडातून थोडा गाळ आत शिरला होता, अर्धा शंख भरून थांबला होता. उरलेल्या पोकळीत चुन्याचे बारीक स्फटिक धरले होते. खाली स्फटिक, वर गाळ. गाळाची कड अगदी सपाट होती, पट्टीने आखल्यासारखी.

सुंदरच होतं. तिने तो फोटो बाजूला ठेवला आणि पुढचा उघडला.

"मॅडम, चहावर साय धरली," नझीर दारातून म्हणाला. गाळाच्या कोठाराची जबाबदारी त्याची. रत्नागिरीचा, पन्नाशीचा, आयुष्याचा मोठा भाग संशोधनाच्या जहाजांवर काढलेला. "प्या नाहीतर मी पितो. आमच्याकडे अन्न वाया घालवत नाहीत."

विदुलाने कप उचलला. अर्धा कप चहा, त्याची कड सपाट. तिने कप किंचित तिरका केला. कड सपाटच राहिली. ती कपाकडे बघत राहिली, मग पडद्याकडे.

"नझीरभाई, हा कप मी उलटा धरला तर चहा कुठे जाईल?"

"तुमच्या कीबोर्डवर. मग मला जिल्ह्याच्या गावाला जाऊन नवा आणावा लागेल."

"वरती चिकटून राहणार नाही ना?"

नझीर जवळ आला. तिने पडद्यावर बोट ठेवलं. शंखाच्या आत गाळ वरच्या बाजूला होता. छताला चिकटलेल्या चहासारखा.

"एखादा शंख पडल्यावर उलटला असेल," तो म्हणाला.

"एखादा." तिने पुढचा फोटो लावला. गाळ वर. त्याच्या पुढचा. गाळ वर. मग तिने नळीच्या वरच्या तुकड्यातले शंख काढले: गाळ खाली. तळच्या तुकड्यातले: खाली. मधल्या तुकड्यातला एकेक शंख मात्र छत भरून बसला होता.

स्तरवाचकाने हे सगळं पाहिलं होतं. पण त्याला विचारलं होतं ते इतकंच की कोण आहे आणि किती आहेत. कोण कसा पडला आहे, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मधला तुकडा उलटा आहे," विदुला म्हणाली. "आपण शेवटापासून सुरुवातीकडे वाचलं."

"पण सांधे तर जुळत होते."

"दोन्ही टोकांना तारली भरपूर. कसाही लावला तरी सांधा जुळणारच."

नझीर उठून कोठारात गेला. विदुला मागोमाग गेली. गारव्यात त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याने मधल्या तुकड्याच्या राखीव अर्ध्याचा कप्पा उघडला आणि तो नळीच्या टोकांवरच्या टोप्यांकडे बघत उभा राहिला. एक लाल, एक निळी.

"याच्या टोप्या तडकल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "मी इथे रुजू झालो त्या आठवड्यात. दोन्ही अर्ध्यांच्या मीच बदलल्या. तळाला लाल घातली."

"तळाला?"

"आमच्या जहाजावर तीच रीत होती. लाल म्हणजे थांबा. पुढे काही नाही."

विदुलाला हसू यावं की रडू, कळेना. "आमच्या जहाजावर लाल म्हणजे वर. सूर्याची बाजू."

दोघांनीही आपापल्या रीतीने बरोबरच केलं होतं. त्याने बरोबर टोकाला टोपी घातली होती, तिने बरोबर टोपी बघून तुकडा यंत्रात लावला होता.

"वीस वर्षं दर्यावर काढली," नझीर म्हणाला, "आणि शेवटी टोपी घालायला चुकलो."

"मी विचारायला चुकले."

"आता सरकारची समिती पुरावा मागेल. फोटो आपणच फिरवले म्हणतील." त्याने राखीव अर्ध्यावरून हलकेच हात फिरवला. "कामाचा अर्धा तर यंत्राने खाल्ला. यातला एकच काप घेऊ? बोटाचाही नाही, नखाएवढा."

विदुलाने क्षणभर विचार केला, हे खरं. नखाएवढ्या कापाने प्रश्न मिटला असता. मग तिने मान हलवली. "नखाने सुरुवात होते. न कापता बघू."

कोठारात क्ष-किरणांचं एक जुनं यंत्र होतं. नळ्या चिरण्यापूर्वी आत दगड नाही ना, हे पाहायला वापरत. राखीव अर्धा त्याच्या वेष्टणासकट त्यांनी त्यात ठेवला, लाल टोपी वरच्या बाजूला. पडद्यावर गाळ करडा दिसला, आणि त्यात विखुरलेले शंख, पहाटेच्या आकाशातल्या चांदण्यांसारखे फिके. एकेका शंखात छताला गाळ, खाली स्फटिकांचा पांढरा चंद्र.

"फिरवा," विदुला म्हणाली.

नझीरने नळी टोकाकडून टोकाकडे फिरवली. चित्र हललं, अस्पष्ट झालं, पुन्हा स्थिर झालं. आणि शंभरेक शंखांमध्ये एकदम गाळ तळाशी बसला. कुणीतरी कूस बदलून नीट झोपावं, तसं.

मोहरीएवढ्या गोगलगायींनी मरता मरता प्रत्येकी एक पातळी दाखवणारी पाणसळ मागे ठेवली होती, आणि ती सातशे वर्षं चुकली नव्हती.

मग विदुलाने स्तरवाचकाची जुनी मोजणी उलट्या क्रमाने लावली. आता तळाशी तारली भरपूर होती. मग एका थरात, जणू दार लोटावं तशी, नाहीशी. वर काळा पट्टा, एक बोट. त्या पट्ट्यात गंधकावर जगणाऱ्या जिवाणूंशिवाय फारसं काही नव्हतं. फक्त त्याच्या मधोमध एक खवला होता. आधीच्या वाचनात तिने तो सोडून दिला होता, मरणाऱ्यांतला शेवटचा म्हणून. आता तो शेवटचा नव्हता. त्याच्या वर, कितीतरी थरांनी, दुसरा होता. मग दोन. मग चार-पाच. ती संख्या इतकी सावकाश वाढत होती की वाचताना धीर सुटावा.

दक्षिणेकडून कुणी आलं नव्हतं. काळ्या वर्षांतही कुठेतरी थोडी उरली होती, आणि त्या थोड्यांनी समुद्र पुन्हा भरला होता.

विदुलाने नळीवर हात पसरला. काळ्या पट्ट्याच्या वरच्या कडेला अंगठा ठेवला. जिथे खवले पुन्हा पहिल्याइतके झाले होते, तिथे तिची करंगळी पोचली.

ती परत येऊन खुर्चीत बसली तेव्हा तिला आनंद झालेला होता, आणि त्याच वेळी तिला रुपेश आठवला. काकी उद्या समाधानाने हात वर करणार होत्या. सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. राखीव अर्धा पुन्हा कप्प्यात गेला असता आणि दारं बंद झाली असती. तिने पायांत चपला सरकवल्या.

जयंतीकाकी अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. ओटीवर रुपेशच्या खोलीतली गादी उन्हाला टाकलेली होती.

"ये गो. हय बस, सावलेत. काय झाला? तोंड असा कित्याक?"

"काकी, मी चुकीचं सांगितलं होतं." तिने टोप्यांचं, शंखांचं, सगळं सांगितलं. काकी हात न थांबवता ऐकत होत्या. "तारली पूर्वीही अशीच गेली होती. एकदम. आणि ती परत आली. बाहेरची नव्हे, इथलीच. आपली आपण."

काकींचा हात थांबला. "मगे येतली?"

"पाणी तसंच सोडलं तर येईल, असं वाटतं."

"कधी?"

विदुलाने उजवा हात उचलला आणि अंगठा, करंगळी ताणून पसरली.

काकी त्या हाताकडे बघत राहिल्या. माप त्यांना ठाऊक होतं. मग त्या हसू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बरी गो तू! पयली सांगलंस येवची नाय. माका रडूक तरी गावला, रडलंय नि मोकळी झालंय. आता सांगतंस येतली, पण मी मेल्यार, माझो झील रुपेश मेल्यार, तेचो झील मेल्यार. हेका खबर म्हणतत?"

"नसती सांगितली तर बरं झालं असतं?"

"ता मी खय म्हटलंय?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "रुपेशान बॅग भरल्यान. पाणी राखला तर थयच ऱ्हवतलो. बारा वर्सां मी सगळ्यांका धरून ठेवलंय, तारली येतली म्हणान. माका वाटा, मी बघतलंय. निदान झील तरी बघतलो."

विदुला आमसुलं परतू लागली, उन्हाकडची बाजू खाली.

बऱ्याच वेळाने काकींनी विचारलं, "तो दुसरो अर्धो कापूक नाय तू?"

"नाही."

"कापलो असतो तर आणखी काय कळला असता?"

"कळलं असतं. पण मला आज जे विचारता येतं, तेवढंच. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी ही नळी काढली, त्यांना स्तरवाचक माहीतही नव्हता. अर्धी का ठेवायची, हे त्यांना सांगता आलं नसतं. फक्त ठेवायची, एवढं ठाऊक होतं. ती ठेवली नसती तर आज मला माझी चूक दाखवायला काही उरलं नसतं."

"आणि तू कोणासाठी ठेवतंस?"

"नाव नाही माहीत, काकी. ती अजून जन्मायची आहे."

ऊन कलेपर्यंत काकींनी गादी आत नेली नाही.

दुसऱ्या दिवशी सभा फॅक्टरीच्या अंगणात भरली. नझीरने ताडपत्री लावून भिंतीवर अंधार केला होता. विदुलाने प्रथम चूक सांगितली, आपली आणि टोप्यांची. नझीरने उभं राहून एक हात लाल टोपीसारखा डोक्यावर ठेवला. लोक हसले, आणि त्याला बसू दिलं. मग तिने चित्रं लावली, या वेळी योग्य क्रमाने.

तारलीचे थवे भिंतभर फिरत होते. मग एका क्षणी भिंत रिकामी झाली. पुढे मागे मुलं कुजबुजली. पाणी जांभळट काळं झालं. त्यात काहीच हलत नव्हतं, आणि ते इतका वेळ चाललं की कुणीतरी म्हणालं, "मशीन बंद पडला काय?" तेव्हा त्या काळोखातून एक मासा आला. एकच. उजवीकडून डावीकडे गेला. बायकांमधून या वेळी सुस्कारा आला नाही. सगळे त्याच्या मागे बघत राहिले.

दिवे लागल्यावर काकी उठल्या. "बघलास? ती येतली. पण आमच्यातल्या कोणाक दिसूची नाय. आता बोला."

गलका झाला. वाफ्यांवर नाव लागलेल्या घरांतली माणसं मोठ्याने बोलत होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं. पोरं परमुलखात किती दिवस ठेवायची? न दिसणाऱ्या माशासाठी दिसणारं काम सोडायचं? दुसऱ्या बाजूने कुणी म्हातारा म्हणत होता की आपल्या आजोबांच्या आजोबांना कुणी तारली राखून ठेवली असेल, म्हणून तर आपण खाल्ली.

"राखूक नाय कोणी," काकी म्हणाल्या. "तेव्हा ट्रॉलर नाय होते, वाफे नाय होते. पाणी आपसूकच मोकळा होता. आता आमका मुद्दाम मोकळा ठेवूक लागतला." त्या थांबल्या, विदुलाकडे पाहिलं, आणि आडवा हात हवेत चिरल्यासारखा फिरवला. "ह्या लोकांची एक रीत हा. नळी चिरतत. एक अर्धो कामाक, एक राखीव. राखीव अर्ध्याक हात लावायचो नाय, कितीव नड इली तरी. तशेच आपण पाण्याचे दोन अर्धे करूया. दक्षिणेचो अर्धो वाफ्यांक. उत्तरेचो राखीव. थय जाळा नको, वाफो नको, होडी नांगरूक नको."

"चेअरमनबाय," मागून भिवा कुबल ओरडला, "तारलेक आपलो अर्धो खयचो ता कळतला मा? की पाटी लावूची?"

"तुका कळता तसाच तेंका कळतला. तू तरी खय वाचूक शिकलंस?"

हशा झाला. हशातच काही हात वर गेले, मग आणखी. सगळे गेले नाहीत. पण पुरेसे गेले.

लोक पांगल्यावर नझीरने रंगाचा डबा आणला. राखीव अर्ध्याच्या दोन्ही टोप्या काढून त्याने पांढऱ्या घातल्या, आणि नळीच्या एका टोकाला देवनागरीत ठळक लिहिलं: 'इकडे आकाश'. थोडा विचार करून दुसऱ्या टोकाला लिहिलं: 'इकडे जुनं'. मग तो कोठारात गेला आणि कप्पा बंद झाल्याचा आवाज आला.

जयंतीकाकी बंदराच्या कठड्याशी उभ्या होत्या. रुपेशचा फोन येऊन गेला होता. निम्मेच वाफे, म्हणून त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीत जाणार होतं. हे त्यांनी शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या विदुलाला अगदी सहज सांगितलं. उत्तरेकडचं पाणी दक्षिणेकडच्या पाण्यासारखंच दिसत होतं.

"विदुलाबाय, एक सांग. अर्धा तेंका पुरतला काय गो?"

विदुलाने उत्तर शोधलं. तिच्याकडे आठशे वर्षांचा गाळ होता. त्यात वादळं होती, दुष्काळ होते, आलेले आणि गेलेले थवे होते. पण माणसांनी ठरवून अर्धा समुद्र सोडून दिल्याचा एकही थर त्यात नव्हता.

"हे गाळात नाही, काकी. असं पूर्वी कुणी केलेलंच नाही."

काकींनी मान डोलावली. समोर कुठेतरी, खूप खाली, आजच्या दिवसाची धूळ तळावरच्या नव्या थरात पडायला लागली होती. केसाहूनही पातळ, अजून पाण्याइतकी हलकी. एका वितीनंतर कुणीतरी तो उघडेल. तिला त्यात एक खवला सापडेल का, आणि सापडला, तर तो कुणी मुद्दाम ठेवला होता हे तिला ओळखता येईल का?